मामा, ती तेलाची बाटली तुमच्याकडंच ठेवा

मामा नमस्कार,

त्या दिवशी माझ्या रायफलचं दुखणं शोधून दिलासा, पण शूटिंग रेंजवर नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही, चहा संपवलासा आणि स्कूटरला किक मारून गेलासा पण. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला ते चालायचं नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात, माझी पॉइंट टू टूची (.22) बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे प्रत्येक गोळीला बोल्ट हातानं मागंपुढं करायचा, 50 मीटर थ्री पोझिशनची (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे पालथं झोपून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून), सेकंडहँड. पावसाळा लागला आणि ट्रिगरची नाटकं सुरू झाली. बोल्ट लावला, श्वास सोडला, बोट आलं आणि ट्रिगर नुसता मेलेला, दाबाचा पहिला टप्पा नाही, दुसरा नाही, काय पण नाही. बोल्ट उचलून परत लावला की झकास, पुढचे पंधरा शॉट लोण्यागत. कुणाला दाखवायला बोलवलं की हटकून चालणार!

सल्ले मात्र भरपूर. एक म्हणाला तुझं बोटच चुकतंय, दुसरा म्हणाला स्प्रिंग गेली, तिसऱ्यानं तर बोल्टच बदल म्हणून सांगितलं. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिस ऑलिंपिकमधनं याच इव्हेंटचं ब्राँझ आणल्यापासनं कोल्हापुरात सगळ्यांनाच थ्री पोझिशन कळायला लागलंय, आमचा दूधवाला पण नीलिंगवर बोलतो. आणि मी काय कमी शहाणा, 50 मीटरला ट्रिगरच्या वजनाला (दाबायला लागणाऱ्या जोराला) खालची मर्यादा नाही म्हणून स्क्रू फिरवून तो अजून हलका केला. त्यानं दुखणं वाढलंच.

तुम्ही स्क्रू ड्रायव्हरला हातच लावला नाहीसा. एवढंच विचारलासा, "कधी होतंय?" मी म्हटलं कधी पण होतंय. "कधी पण असं काय नसतंय, वही काढ."

मग रेंजवरचे सर शेजारी उभे, नळी टार्गेटकडं, चेंबरमध्ये रिकामी केस, आणि नुसता बोल्ट-ट्रिगर, बोल्ट-ट्रिगर, प्रत्येक वेळेला वहीत टिक नाहीतर फुली. अर्ध्या तासानं वही बघून माझंच तोंड उघडं राहिलं, कारण सगळ्या फुल्या प्रोनच्या. स्टँडिंगला एक नाही, नीलिंगला एक नाही. चार महिने मला हे दिसलं नव्हतं ओ!

तुम्ही हसलासा आणि म्हणालासा प्रोनला तू बोल्ट कसा मारतोस बघ, पोझिशन मोडू नये म्हणून खटाखट. शॉट सुटला की सिअर, म्हणजे ट्रिगरमधला अडकवायचा तुकडा, खाली बसतो आणि बोल्ट मागंपुढं होतोय तेवढ्यात त्यानं वर येऊन फायरिंग पिनला, म्हणजे गोळीवर आदळणाऱ्या पिनला, अडवायचं असतंय. आत चिकटा असला की तो सावकाश वर येतो, तू घाई केलीस की पिन बोल्टबरोबरच पुढं निघून जाते आणि ट्रिगरला सोडायला काय उरतच नाही. स्टँडिंगला तू रायफल खाली घेतोस, दम खातोस, तेवढा वेळ त्याला पुरतो. आणि वजन हलकं केलंस म्हणजे त्याला वर ढकलणारा जोर पण तूच काढून घेतलास. शेवटचं म्हणालासा ते मात्र मला चांगलंच लागलं, की असल्या ट्रिगरवर जिवंत राउंड घालायचा नाही, आज पकडत नाही, उद्या अर्धवट पकडंल आणि बोल्ट लावतानाच सुटंल.

मग तुमच्या लायसनवाल्या बंदुकीच्या दुकानात व्हाइट पेट्रोलनं धुतल्यावर आतनं जे निघालं ते चहाच्या गाळासारखं होतं. तेल, काजळी, जॅकेटचे धागे. तेल कुठलं विचारलासा तेव्हा खोटं बोलावंसं वाटलं होतं, पण सांगितलं, शिलाई मशीनचं, दर रविवारी, मायेनं. ट्रिगरच्या आत जवळजवळ कोरडंच ठेवायचं असतंय हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि मी पण कुणाला विचारलं नव्हतं.

वजन परत होतं तिथं आणून साठ वेळा खटाखट मारलं, एक फुली नाही. आता तीन आठवडे झाले, अजून नाही. वही चालूच ठेवलीय.

पैसे घेतला नाहीसा, खिशात कोंबायला गेलो तर रागावलासा. जाताना माझ्या किटमधली तेलाची बाटली तेवढी उचलून नेलासा. परवा आईनं विचारलं मशीनचं तेल कुठं गेलं, ब्लाउज अर्धवट राहिलाय तिचा. अजून काय सांगितलं नाही मी तिला.

तुमचाच,
प्रोनवाला