कव्वालीच्या फोटोतली माणसं का कापली?

माननीय संपादक साहेब,

स.न.वि.वि.

कालच्या रविवार पुरवणीत नुसरत फतेह अली खान यांच्यावरचा लेख वाचला. काल रात्रीच लिहायला बसणार होतो पण डोकं तापलेलं होतं म्हणून म्हटलं सकाळी बघू, आता सकाळचे साडेदहा वाजले, दुकान उघडून बसलोय आणि राग काही उतरलेला नाही, तेव्हा लिहितोच. लेख मनापासून लिहिलाय, त्याबद्दल लेखकाचे आभार. आपल्या भागातल्या मराठी पेपरात कव्वालावर अर्धं पान येतं ही साधी गोष्ट नाही. पण दोन गोष्टी अशा आहेत की गप्प बसवत नाही.

पहिली म्हणजे हिंदी सिनेमामुळे ते आपल्याला कळले आणि मोठे झाले असं जे लिहिलंय ते. अहो साहेब, त्यांच्या घराण्यात कव्वाली सहाशे वर्षं चालत आलेली असं ते घराणं सांगतं. मूळ लोक जालंधरचे, फाळणीत पाकिस्तानात गेले, आणि १९४८ ला नुसरत साहेब लायलपूरला, म्हणजे आत्ताच्या फैसलाबादला जन्मले. वडील उस्ताद फतेह अली खान स्वतः नावाजलेले कव्वाल, पण पोराने डॉक्टर व्हावं म्हणून त्यांनी त्याला यात ओढलंच नव्हतं. तरी पोरगं आधी तबला शिकलं, मग गळा. १९६४ ला वडील गेले आणि त्यांच्या चाळिसाव्याला, म्हणजे चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, हा सोळाच्या आसपासचा मुलगा लोकांसमोर पहिल्यांदा गायला. विचार करा, बापाच्या चाळिसाव्याला. १९७१ ला काका मुबारक अली खान गेल्यावर कव्वालीच्या पार्टीची, म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या ताफ्याची, जबाबदारी याच्यावर आली. इंग्लंडात १९८५ च्या वोमॅड या जगभरच्या संगीताच्या महोत्सवात गायले तेव्हा समोर बसलेल्या लोकांना एक शब्द कळत नव्हता तरी ते उठले नाहीत. हिंदी सिनेमाला त्यांनी स्वतः चाली दिल्या त्या अगदी शेवटी शेवटी, आणि १६ ऑगस्ट १९९७ ला लंडनला वारले, वय फक्त ४८. मग कोणी कोणाला मोठं केलं ते तुम्हीच ठरवा.

पण ही चूक एकवेळ सोडून देतो. मला खरी लागली ती फोटोची गोष्ट.

छापलेल्या फोटोत नुसरत साहेब एकटेच आहेत. उजवा हात वर, तोंड उघडं. फोटोच्या डाव्या कडेला मनगटापासून पुढचा एक हात दिसतोय, टाळी वाजवायच्या बेतातला. त्या हाताचा माणूस कापून टाकलाय. त्याच्या मागं अजून पाच-सहा जण बसलेले असणार, तेही गेले. पानावर जागा नसेल, मी समजू शकतो. पण कव्वाली एकट्या माणसाने होत नाही हो! आठ-नऊ जणांची पार्टी असते. पुढच्या रांगेत मुख्य गायक आणि पेटीवाले, मागे तबला आणि टाळ्या देणारे हमनवा. नुसरत साहेबांच्या पार्टीत त्यांचे सख्खे भाऊ फर्रुख फतेह अली खान पेटीवर असायचे, आणि तेही गायचे. मुख्य गायक एक ओळ टाकतो, मागचे तीच ओळ दहादा, वीसदा उचलून धरतात, त्या तकरारीवर, म्हणजे परत परत म्हणण्यावर, तो मध्येच दुसऱ्याच कुठल्या शायराचा शेर आणून बसवतो, त्याला गिरह लावणं म्हणतात, आणि परत मूळ ओळीवर येऊन पडतो. मागच्यांनी ओळ धरलेली नसेल तर तो परत येणार कुठं? कव्वालाच्या घरातलं पोरगं पण आधी मागच्या रांगेतच बसतं, टाळीपासूनच शिकतं.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. माझा पेटी दुरुस्तीचा धंदा, आमच्या वडलांपासूनचा. बेळगावला रामभाऊ विजापुरे यांच्यासारखा माणूस पेटी वाजवून गेला, त्यामुळं आपल्या भागात घराघरात पेटी, भजनी मंडळं, नाटकवाले, कीर्तनकार, सगळ्यांच्या पेट्या आमच्याकडं. त्यातलेच एक आमच्या भागातले कव्वाल चाचा. नाव मुद्दाम लिहीत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही. उरुसाचे दिवस जवळ आले की दोन आठवडे आधी पेटी घेऊन यायचे. काळी चार म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी, तिच्या खालच्या सुरात ते कधी गायले नाहीत, त्यामुळं ती पट्टी बोटानं घासून घासून मधोमध खोलगट झालेली, बाकीच्या पट्ट्या जशाच्या तशा. एकदा दोन सूर दबतात म्हणून पेटी उघडली तर आत काय, गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्या, अबीर, आणि रीडच्या फटीत अडकलेलं एक रुपयाचं नाणं. लोक फुलं टाकतात, नजराणा ठेवतात, तो पट्ट्यांमधून आत जातो. मी ते नाणं त्यांना परत दिलं तर त्यांनी कपाळाला लावून खिशात घातलं आणि पाकळ्या पण कागदात बांधून मागितल्या. भात्याला तर चंदनाचा वास असायचा, दुरुस्ती करून चार दिवस झाले तरी दुकानात तो दरवळायचा.

आता तुमच्या पेपरची गोष्ट सांगतो, आणि ही मी पंधरा-सोळा वर्षं मनात ठेवलीय. जवळच्याच एका गावच्या उरुसात चाचा गायले. संदल म्हणजे चंदनाची मिरवणूक निघाली, कबरीवर गलेफ म्हणजे चादर चढली, भर उरुसाच्या रात्री कव्वाली. इशाच्या म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर बसले. आधी नुसता पेटी-तबला, मग हम्द म्हणजे अल्लाची स्तुती, मग नात म्हणजे पैगंबरांची, मग पीरसाहेबांची मनकबत म्हणजे त्यांची स्तुती, एकेक पायरी चढत. मी पुढंच बसलेलो, पेटी माझ्या हातची ना, कुठं फसते का बघायला. पहाटे शेवटी रंग, म्हणजे मेहफिलीची शेवटची कव्वाली, झाला तेव्हा मागच्या रांगेतला टाळी देणारा एक पोरगा, चाचांचा नातू, त्याचे तळवे लालभडक सुजलेले, तरी तो थांबला नव्हता. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी चाचा दुकानात आले. हातात तुमचा पेपर, घडी करून. त्यांना उर्दू यायची, कन्नड बोलायचे, मराठी बोलायचे पण वाचायला जमायचं नाही. म्हणाले, "मिस्त्री, वाचा की जरा, आमचं काय लिवलंय."

मी वाचलं. उद्घाटन कोणाच्या हस्ते, प्रमुख पाहुणे कोण, नारळ कोणी फोडला, व्यासपीठावर कोण कोण, आभार कोणी मानले. चौदा नावं. शेवटच्या ओळीत, 'रात्री कव्वालीचा कार्यक्रमही झाला.' मी दोनदा वाचलं. मधलं काही गाळलं का म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मग म्हणाले, "जाऊं द्या. ती काळी पाच जरा कुजबुजतीय, तेवढं बघा." आणि पेपर घडी करून परत पिशवीत ठेवला. मला त्या वेळी काही बोलता आलं नाही. नंतर दोन वर्षांनी ते गेले, तेव्हाही तुमच्याकडं चार ओळी आल्या नाहीत. नातू आता गोव्याला हॉटेलात कामाला आहे, पेटी माझ्याकडं पडून आहे, विकायला मन होत नाही.

म्हणून कालचा तो कापलेला हात बघितल्यावर मला ते सगळं आठवलं, त्याला इलाज नाही.

लेखाच्या शेवटी 'सीमेपलीकडची ही कला' असा शब्द आलाय तोही खटकला. आम्ही निपाणीचे लोक, सीमा म्हणजे काय ते आम्हाला नव्याने कोणी सांगायला नको. आमच्या उरुसात मानाचा गलेफ चव्हाण वाड्यातून निघतो. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, तिथल्या उरुसात दरवर्षी गायक-वादक त्यांच्यासाठी येऊन हजेरी लावतात, आमच्या वडलांनी मला तिथं खांद्यावर नेलेलं. हावेरीकडच्या शिशुनाळचे कन्नड संतकवी शरीफ साहेब (१८१९–१८८९), गुरू त्यांचे गोविंदभट्ट, ब्राह्मण, त्यांची तत्त्वपदं आमच्या दुकानाशेजारचे कन्नड दादा रोज सकाळी शटर उघडताना म्हणतात. ही कला कुठली कुठली म्हणून मोजणार?

अजून एक, या विषयाशी लागूनच आहे म्हणून लिहितो. सणासुदीच्या आधी तुम्ही 'रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद' अशी ठळक चौकट छापता. कायदा आहे, पाळायलाच पाहिजे, आजारी माणसं, परीक्षेची पोरं असतात. पण त्याच नियमात सरकार वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत सांस्कृतिक-धार्मिक कार्यक्रमांना रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं हेही आहे, ते कधी छापत नाही. मंडळाच्या पोरांना माहीतच नसतं, ते आधी अर्ज करत नाहीत, मग दहाला पोलीस येतात, आणि जी मेहफिल इशानंतर सुरू होते तिची तोवर नात पण झालेली नसते. उरूस असो, नवरात्र असो, भजन असो, सगळ्यांचंच हे होतं. एक चौकट त्याचीही छापा, कोणाकडं अर्ज करायचा, किती दिवस आधी, एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

आणि लेखकाला माझा निरोप द्या की लेख परत छापायची गरज नाही. पण तो फोटो तुमच्याकडं पूर्ण असेल तर पुढच्या रविवारी पूर्ण छापा, छोटा झाला तरी चालेल. खाली सगळ्यांची नावं लिहा, डाव्या कडेच्या त्या हाताच्या माणसाचं पण.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
पेटी दुरुस्तीवाला, निपाणी