स्ट्रायकर आणि कोच

कोल्हापूर,
रविवार

प्रिय बाप्या,

पत्र मिळालं. घरी सगळं ठीक आहे, त्यामुळे थेट भांडणाकडे वळतो. ‘गोल मारणाऱ्याला टीम चालवता येत नाही, कोच व्हावं ते डोकेबाज मिडफिल्डरांनीच’ असं तू ठोकून दिलंयस, वर त्यांची यादीही जोडलीयस. आयर्लंडचा स्ट्रायकर रॉबी कीन, त्याचं काय करायचं मग?

२००२चा वर्ल्ड कप आठव. जपानमधल्या इबाराकीत आयर्लंडविरुद्ध जर्मनी १-०ने पुढे, नव्वद मिनिटं उलटलेली. लांबून आलेला बॉल नायल क्विननं डोक्यानं पुढं टाकला, रॉबी घुसला आणि बॉल जर्मन गोलकीपर ऑलिव्हर कानला चाटून, पोस्टला लागून आत! फायनलपर्यंत जर्मनीनं खाल्लेला तो एकमेव गोल. (आयर्लंडचा कॅप्टन रॉय कीन त्याआधीच सायपान बेटावरच्या सराव शिबिरात कोच मिक मॅकार्थीशी भांडून घरी गेलेला. दोघं भाऊ नाहीत रे, किती वेळा सांगू.)

डब्लिनच्या टालामधला हा पोरगा. सतराव्या वर्षी वुल्व्हजकडून पहिल्याच मॅचला दोन गोल. पुढं इंटर, लीड्स, टॉटनहॅम, लिव्हरपूल, एलए गॅलेक्सी... क्लब बदलण्यात त्याचा हात धरणारा सापडणार नाही. पण आयर्लंडसाठी १४६ मॅच आणि ६८ गोल, दोन्ही त्यांचे विक्रम.

कोच म्हणून मात्र त्याची सुरुवात आपल्याकडे झाली, हे कुणी सांगतच नाही. २०१७-१८ला तो इंडियन सुपर लीगमधल्या कोलकात्याच्या एटीके क्लबकडे खेळायला आला. कोच टेडी शेरिंगहॅम, टॉटनहॅमचा जुना सोबती. एटीके गतविजेते, पण हंगामाचा पार विचका झाला. शेरिंगहॅमला काढलं, अॅशली वेस्टवूड आला, तोही गेला आणि मार्चमध्ये शेवटच्या मॅचला टीम रॉबीच्या गळ्यात पडली. नॉर्थईस्ट युनायटेडला १-० हरवलं. गोल कुणाचा? कोचसाहेबांचाच! तरी टीम नववी आली आणि सुपर कपमध्ये एफसी गोवानं त्यांना घरी पाठवलं.

मला त्याच्या पुढच्या वर्षांचं जास्त कौतुक वाटतं. एवढं नाव कमावलेला माणूस दुसऱ्यांच्या हाताखाली राहिला. आयर्लंडमध्ये मॅकार्थीचा सहायक, मिडल्सब्रोला वुडगेटचा, २०२३ला लीड्समध्ये अॅलर्डाइसचा. तिथं तर हंगामाच्या चारच मॅच उरलेल्या, आणि टीम खालच्या डिव्हिजनमध्ये गेलीच. आपल्याकडचा एखादा स्टार कोपऱ्यात सरावाचे प्लॅस्टिकचे कोन मांडत उभा राहील का, सांग.

मग त्याच वर्षी इस्रायलमधल्या तेल अवीवच्या मक्काबी क्लबचा तो कोच झाला. ऑक्टोबरमध्ये गाझाचं युद्ध पेटलं, आयर्लंडमध्ये त्याच्यावर सडकून टीका झाली. तिथं थांबणं मलाही पटलं नाही, ते वेगळं. लीग मात्र त्यानं जिंकून दिली. आता तुझ्या हातात आयतं कोलीत देतो: त्याच हंगामात युरोपातल्या क्लबांच्या कॉन्फरन्स लीगमध्ये ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला त्यांच्या मैदानावर ४-१ हरवलं आणि परतीच्या मॅचला एक्स्ट्रा टाइममध्ये ६-१ मार खाल्ला. हातातली मॅच घालवली, यात वाद नाही. पण समोरच्यांनी पुढं तो कपच उचलला, हेही धर.

जानेवारी २०२५मध्ये बुडापेस्टच्या फेरेन्सवारोसनं त्याला घेतलं आणि त्याच हंगामात तिथंही लीग जिंकली. दोन देश, दोन लीग. तुझ्या यादीतल्या ‘डोकेबाज’ मिडफिल्डरांपैकी कितीजणांच्या नावावर एवढं आहे, ते नावानिशी कळव.

शाहू स्टेडियमवर सीझन सुरू झाला की ये. पत्रातनं हे मिटायचं नाही.

तुझा,
पिंट्या