बगान : जुने किती, नवे किती?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील म्यानमारच्या बगान या जुन्या राजधानीवरील लेख वाचनीय होता; मात्र तेथील मंदिरे ‘हजार वर्षे जशीच्या तशी उभी’ असल्याचे त्यातील विधान पटण्याजोगे नाही. इरावतीकाठी मुख्यतः अकराव्या ते तेराव्या शतकांत विटांच्या हजारो वास्तू उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी साडेतीन हजारांहून अधिक वास्तू व अवशेष आज नोंदलेले आहेत, हे खरे. परंतु १९७५च्या भूकंपात बरीच पडझड झाली आणि पुढे १९९०च्या दशकात लष्करी राजवटीने देणग्या गोळा करून, मूळ रूपाचा पुरेसा पुरावा नसतानाही, शेकडो पडक्या जोत्यांवर नव्या विटांची एकाच धाटणीची मंदिरे चढवली. ११८३च्या सुलामणी मंदिराचे २०१६च्या भूकंपात कोसळलेले शिखरही याच काळात नव्याने बांधलेले होते. १९९६मध्ये अडकलेला जागतिक वारसा यादीतील समावेश अखेर २०१९ साली झाला.

भाविकांची बाजूही समजून घ्यायला हवी. मोडकळीस आलेला स्तूप सावरणे हे तिकडे मोठे पुण्यकर्म मानतात. आनंद मंदिर उभारणाऱ्या चान्झित्ता राजानेच आपल्याकडच्या बोधगयेच्या मंदिराची दुरुस्ती करवली होती आणि अलीकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने आनंद मंदिराच्या जतनाला हात लावला. तेव्हा आक्षेप दुरुस्तीला नाही. जुन्याच्या नावाखाली नवे खपवण्याला आहे. त्याच आनंद मंदिरातील चार उभ्या बुद्धमूर्तींपैकी उत्तर व दक्षिणेकडील दोनच मूळच्या मानल्या जातात, बाकीच्या दोन नंतरच्या आहेत, आणि हे उघडपणे सांगितले जाते. म्हणून कोणी पूर्व-पश्चिमेच्या मूर्तींसमोर हात जोडायचे थांबत नाही. दक्षिणेची मूर्ती लांबून हसरी दिसते आणि पायाशी जाऊन वर पाहिले की तोच चेहरा गंभीर होतो. प्राचीन कारागिराचे हे कसब आहे, हे ठाऊक असले तर पाहणारा दोन घटका अधिक थांबतो. (आपल्याकडे गाभाऱ्याला गुळगुळीत फरश्या आणि दगडी खांबांना ऑइलपेंट लावून झाल्यावर ‘पुरातन देवस्थान’ अशी पाटी लागते, ती गोष्ट वेगळीच.)

लेखासोबतच्या छायाचित्रांपैकी कोणत्याही मंदिराखाली बांधणीचा काळ नाही की पुनर्बांधणीचा उल्लेख नाही. पुरवणीच्या पुढील अंकात निदान तेवढी माहिती छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सातारा