समन्वय शिकवणाऱ्या ताईंना, नागपूरहून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

दक्षिण सुदानातलं काम आटोपून तुम्ही नागपूरला परतलात आणि विश्रांती घ्यायची सोडून उन्हाळ्यातले रविवार आम्हाला दिलेत. मे महिन्यातल्या भर उन्हात धरमपेठेत येऊन तुम्ही कोरे तक्ते, जुनी टिपणं आणि नमुना अर्ज टेबलावर मांडलेत, आणि युद्धग्रस्त भागात माणसांचं संरक्षण करणाऱ्या संस्थांचा समन्वय प्रत्यक्षात कसा चालतो ते उलगडून दाखवलंत. समाजकार्य शिकवणारे, संस्थांत नोकरी करणारे आणि लवकरच संघर्षग्रस्त भागात रुजू होणारे आम्ही सगळे मिळून हे पत्र लिहितोय. ते उघडपणे लिहितोय, कारण जे शिकवलंत ते मराठीतून शिकायची सोय दुसरीकडे सहसा सापडत नाही.

आपल्या गावात राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आहे, एनडीआरएफची अकादमी आहे. पूर आला, इमारत पडली तर काय करायचं, हे सांगणारी माणसं नागपूरला शोधावी लागत नाहीत. पण युद्धात माणसाला धोका माणसापासून असतो. धान्य पोचतं, तंबू उभे राहतात, आणि सरपण आणायला गेलेल्या बाईवर वाटेत हल्ला होतो. तरुण मुलगा नाक्यावर उतरवून घेतला जातो. म्हाताऱ्याकडे जमिनीचा कागद नाही म्हणून त्याला परत जायला गाव उरत नाही. या धोक्यांवरचं काम एका संस्थेच्या आवाक्यातलं नसतं. म्हणून ते वाटून घ्यावं लागतं, आणि वाटून घेतलेलं काम कुणीतरी जोडावं लागतं. तुम्ही वर्षानुवर्षं हे जोडायचं काम केलंत.

आधी तुम्ही रचना नीट समजावून दिलीत. मदतकार्यातल्या २००५ च्या सुधारणांनंतर क्लस्टर पद्धत आली, म्हणजे एकेका विषयावरच्या संस्थांचा एक गट आणि त्याला एक प्रमुख संस्था, आणि त्याच वर्षीच्या पाकिस्तानातल्या भूकंपात ती पहिल्यांदा वापरली गेली. संरक्षणाचं क्लस्टर जागतिक पातळीवर यूएनएचसीआरकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेकडे. तुम्ही तिथे काम करत होतात तेव्हा त्यातल्या चार शाखांपैकी बालसंरक्षण युनिसेफकडे, लिंगाधारित हिंसाचाराचा विषय संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीकडे (यूएनएफपीए), सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब त्यांच्याच सुरुंगविरोधी सेवेकडे (अनमास), घर-जमीन-मालमत्ता नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल या संस्थेकडे. माणसं सीमा ओलांडून निर्वासित झाली की क्लस्टर नाही, यूएनएचसीआरची वेगळी व्यवस्था लागते. रेडक्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती क्लस्टरची सदस्य नसते. लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी ती गोपनीय बोलणी करते आणि त्या विश्वासावरच तिला तुरुंगाचे दरवाजे उघडतात, म्हणून कैद्यांच्या भेटींची माहिती तिच्याकडे मागत बसू नका, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. नवखा समन्वयक नेमका तिथेच अडखळतो.

मग ‘कोण, काय, कुठे, केव्हा, कुणासाठी’ हा तक्ता. वरवर सोपा. तो बिघडतो कशाने, हे तुम्ही दाखवलंत तेव्हा आमचे डोळे उघडले. संस्था सुरू असलेलं काम आणि नियोजित काम एकाच रकान्यात लिहितात, म्हणून कागदावर सेवा दिसते आणि गावात नसते. एकाच गावाचं नाव तीन स्पेलिंगांनी येतं, म्हणून एक गाव तीन होतात. त्यावर उपाय, गावाच्या नावाशेजारी ओचाने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या मदत-समन्वय कार्यालयाने, ठरवलेला स्थान-संकेतांक सक्तीने लिहून घेणं. निधी संपून काम बंद झालं तरी ओळ तशीच राहते, म्हणून प्रत्येक ओळीला ‘शेवटची खात्री केल्याची तारीख’ हवी. तक्ता असा साफ झाला की विमानाच्या धावपट्टीजवळच्या गावात संस्थांची दाटी आणि नदीपलीकडे एकही नाही, हे चित्र आपोआप समोर येतं. ते भर बैठकीत पडद्यावर दाखवायचं आणि ‘नदीपलीकडे कोण जाईल’ असं नाव घेऊन विचारायचं, हे पुढचं काम समन्वयकाचं.

पण सगळ्यात जास्त आभार त्या एका पानाचे. त्या त्या ठिकाणचं रेफरलचं पान, म्हणजे कोणत्या मदतीसाठी कुणाकडे पाठवायचं ते सांगणारं.

समन्वय चांगला चाललाय का, याची तुमची कसोटी एकच होती. अत्याचार झालेल्या बाईला आपली हकीकत किती जणांना सांगावी लागली? एकदा सांगून तिला डॉक्टर, आधार आणि सुरक्षित जागा मिळाली तर समन्वय आहे. चारदा सांगावी लागली तर नुसत्या बैठका आहेत. आणि हे सगळं त्या पानावर अवलंबून. तुम्ही आणलेला नमुना आम्ही अजून भिंतीवर लावून ठेवलाय. ए-फोर कागदाची एक बाजू, एका छावणीपुरती. वर आरोग्य, त्याखाली मानसिक आधार, मग पोलिसांसह सुरक्षा, शेवटी कायदेशीर मदत. प्रत्येक ओळीत जागा, वेळ, कोणकोणत्या भाषा बोलल्या जातात, बाई कर्मचारी आहे का, फोन, आणि तो फोन लागला नाही तर दुसरा. रात्रीचं काय, याला वेगळा रकाना. बलात्कारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि तातडीचं गर्भनिरोधन १२० तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून हे दोन आकडे पानावर ठळक. त्यामुळेच आरोग्याची ओळ पोलिसांच्या ओळीच्या वर. तक्रार करायची की नाही हे तिने ठरवायचं. काही देशांत कायद्याने कळवणं बंधनकारक असतं. तसं असेल तर तिने तोंड उघडण्याआधीच तिला ते सांगायचं.

पान छापून टांगलं की संपलं, असं होत नाही. महिन्यातून एकदा प्रत्येक नंबरावर फोन करून बघायचा. नर्स बदलून गेलेली असते, औषधांचा साठा संपलेला असतो, दवाखाना दुपारी दोनलाच बंद होत असतो. औषध उरलं नसेल तर ती ओळ त्याच दिवशी खोडायची, कारण हिंमत करून आलेली बाई बंद दारावरून परत गेली तर ती पुन्हा येत नाही आणि तिचं ऐकून आणखी कुणी येत नाही. दवाखान्याच्या पाटीवर फक्त महिला आरोग्य एवढंच लिहायचं. पाटीवर हिंसाचाराचा उल्लेख असला की आत शिरणारी प्रत्येक बाई गावभर होते. पान वाचता आलं पाहिजे ते पाणी वाटणाऱ्याला, ड्रायव्हरला, गेटवरच्या रखवालदाराला, कारण बाई बहुतेक वेळा त्यांच्यापैकीच कुणाशी तरी पहिलं बोलते. त्यांनी ऐकून घ्यायचं, खोदून विचारायचं नाही, पान दाखवायचं आणि तिची तयारी असेल तर सोबत जायचं. एवढंच. दुभाषा तिच्या शत्रू गटाचा नसावा आणि तिच्या नात्यातलाही नसावा, हा मुद्दा कुठल्याच तक्त्यात बसत नाही. तो समन्वयकाने लक्षात ठेवायचा.

हिंसाचार होतोय याचा पुरावा गोळा करायला तंबूतंबूंत जाऊन बायकांना विचारत सुटू नका, हेही तुम्ही कळकळीने सांगितलंत. तो होतोय असंच धरून पहिल्या दिवसापासून सेवा उभी करायची, असं मदत संस्थांची सामायिक मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आकडे मागणारे देणगीदार आणि पत्रकार असतातच. त्यांना नाही म्हणण्याचं ओझं समन्वयकाने स्वतःवर घ्यायचं, त्या बाईला प्रत्यक्ष मदत करणाऱ्या केस वर्करवर टाकायचं नाही.

माहितीच्या बाबतीत तुमची शिस्त कडक होती. नाव एका वहीत, संकेतांक आणि हकीकत दुसऱ्या वहीत, दोन्ही वेगळ्या कुलपात. कोणती माहिती कोण कुणाला आणि कशासाठी देणार, हा करार संस्थांनी पेचप्रसंगाच्या आधीच सही करून ठेवायचा. गावनिहाय आकडा लहान असेल तर तो प्रसिद्ध करायचा नाही. एखाद्या वस्तीत एकच घटना नोंदली गेली असं छापलं तर ती कुणाची, हे वस्तीला लगेच कळतं. तिथे जिल्ह्याचा एकत्र आकडा द्यायचा. आणि कार्यालय तातडीने सोडावं लागलं तर कोणती कपाटं आधी रिकामी करायची, कोणते कागद जाळायचे आणि ते कोण करणार, हे नावानिशी ठरलेलं हवं.

हरवलेल्या मुलांचा विषय समजावताना तुम्ही दीक्षाभूमीचा दाखला दिलात, तो आम्हाला लगेच पटला. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखोंची गर्दी, रस्त्यारस्त्यावर अन्नदानाचे मंडप, आणि लेकरू चुकलं तर प्रत्येक मंडळाने आपापल्या माइकवरून नाव पुकारायचं म्हटलं तर आई कुठल्या मंडपाकडे धावणार? म्हणून नोंद एका जागी. युद्धात याला आणखी एक पदर असतो. नाव जाहीर पुकारलं तर खोटा काका येऊन मूल घेऊन जाऊ शकतो, किंवा सैन्यात भरती करणारा येतो. म्हणून दावा करणाऱ्याची पडताळणी दोन्ही बाजूंनी करायची. मोठ्याला मुलाबद्दल विचारायचं, आणि मुलाला, त्याच्या वयाला झेपेल असं, घराबद्दल. उत्तरं जुळली तरच पुढे. ताटातूट झाली त्या भागाच्या जवळच, ओळखीच्या समाजातल्या कुटुंबात मुलाला तात्पुरतं ठेवायचं. कळवळ्यापोटी त्याला गाडीत घालून दूरच्या शहरातल्या अनाथालयात नेलं की शोधाचा धागा तुटतो. सीमेपलीकडचा शोध रेडक्रॉसच्या यंत्रणेकडे सोपवायचा.

बाकीच्या क्लस्टरांशी भांडण कसं करायचं, हे तर तुमच्याकडूनच शिकावं. पाणी-स्वच्छतावाल्यांना ‘महिलांची सुरक्षितता लक्षात घ्या’ असं मोघम सांगून काही होत नाही, त्यांना मापं द्यावी लागतात, आणि ती स्फिअरच्या, म्हणजे मदतकार्याच्या किमान निकषांच्या, पुस्तकात आहेत. सुरुवातीला ५० माणसांमागे एक संडास, पुढे २० मागे एक. बायकांचे तीन तर पुरुषांचा एक. राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत, आतून कडी, उजेडाची सोय. पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, एका नळावर २५० माणसं. मापं पाळून बांधलेला संडासही बायका वापरत नसतील तर कारण बायकांनाच विचारायचं. कधी वाट पुरुषांच्या अड्ड्यावरून जाते, तर कधी दिवा असा लावलेला असतो की आतल्या बाईची सावली पडद्यावर दिसते. धान्यवाटप अशा वेळी संपवायचं की लांबून आलेली माणसं अंधाराआधी घरी पोचतील. कुटुंबाचं कार्ड बाईच्या नावावर द्यायचं तर नवऱ्याकडून मारहाण वाढेल का, हे आधी विचारायचं. ‘मदत फुकट आहे, कुणी मोबदला मागितला तर इथे कळवा’ हा फलक स्थानिक भाषेत आणि चित्रातही हवा. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या छावण्यांत मदत कर्मचाऱ्यांनीच धान्याच्या बदल्यात मुलींचं शोषण केल्याचं उघड झालं, आणि २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी त्याविरुद्ध नियम जारी केले. ते नियम प्रत्येक ठेकेदाराच्या करारात जोडलेत का, हे तपासणंही समन्वयकाकडेच.

बैठकीबद्दल थोडक्यात. विषयपत्रिका दोन दिवस आधी, बैठक तासाभरात, ठरलेली कामं नाव आणि तारखेसह चोवीस तासांत सगळ्यांकडे. बैठक संयुक्त राष्ट्रांच्या तळावर ठेवली तर स्थानिक संस्थेची माणसं गेटवर ओळखपत्रासाठी ताटकळतात आणि मुद्दा संपल्यावर आत येतात. म्हणून जागा बाहेर, आणि भाषांतराला वेळ धरून. हल्ला येतोय ही बातमी या स्थानिक संस्थांकडेच सगळ्यांच्या आधी असते.

आणि थांबा म्हणायची वेळ. लोकांना गाड्यांत घालून धोक्याबाहेर काढणं हा शेवटचा उपाय, आणि तोही त्यांच्या मर्जीने. कुठे नेणार, परत कधी येता येईल, मागे काय राहील, हे त्यांना कळलेलं असलं पाहिजे, कुटुंबं एकत्र हवीत, कागदपत्रं सोबत हवीत. नाहीतर एका गटाला हुसकावून लावण्याच्या कामात आपणच हातभार लावतो. ताफ्याचा मार्ग आणि दवाखान्याचं ठिकाण लढणाऱ्या पक्षांना कळवलं म्हणजे हल्ला होणार नाही, असं समजू नये. कळवल्याची नोंद मात्र ठेवावी. शांतिसैनिक काय करू शकतील आणि काय नाही, हे हल्ल्याआधी विचारून ठेवावं. फेब्रुवारी २०१६ मध्ये दक्षिण सुदानातल्या मलाकालला संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयस्थळावर हल्ला झाला, तेव्हाच्या चौकशीत हुकूम कुणाचा आणि गोळी केव्हा चालवायची यावरचा गोंधळ, आणि वर्दीतल्या व बिनवर्दीच्या लोकांतला तुटलेला समन्वय पुढे आला. श्रीलंकेतल्या युद्धाच्या २००९ मधल्या अखेरच्या महिन्यांबद्दल संयुक्त राष्ट्रांनी स्वतःचीच चौकशी केली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. त्यानंतर २०१३ च्या डिसेंबरात सगळ्या प्रमुख मदत संस्थांनी संरक्षण हे प्रत्येक मदतकार्याच्या केंद्रस्थानी राहील असं लेखी मान्य केलं. समन्वयकाला बैठकीत कुणी गप्प बसवू लागलं तर हा कागद पुढे ठेवायचा, हे तुम्ही आम्हाला शिकवलंत. असा कागद कुठल्या फाइलमध्ये आहे हे माहीत असणं केवढं बळ देतं!

ताई, या सगळ्यामागे किती रात्री आणि किती कटू प्रसंग असतील, ते तुम्ही बोलला नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. जे हाती दिलंत ते वापरता येईल असं होतं, आणि ते आम्ही वापरतोय. आमच्यातल्या निघालेल्यांनी रेफरलच्या पानाचा मराठी नमुना सोबत घेतलाय. तिथल्या भाषेत तो त्यांना पुन्हा करावाच लागेल, पण रकाने तेच राहतील. तुम्ही शिकवलेल्याची आम्ही पुस्तिका करतोय, तिचा कच्चा मसुदा या पत्रासोबत तुमच्या घरी पाठवतोय. घर-जमीन-मालमत्तेचं प्रकरण अजून अपुरं आहे. परतणाऱ्या कुटुंबाकडे कागद नसेल तर शेजाऱ्यांची साक्ष, करपावती, जुना फोटो यांतलं काय कुठे चालतं, यावर तुमची टिपणं हवीत. लाल पेन घेऊनच बसा. दिवाळीआधी छापायचा विचार आहे.

मनापासून आभार.

तुमचे,
नागपूरचे रविवारचे विद्यार्थी