चित्र हेच माझ्या मुलाचं बयान आहे : दिव्यांग कल्याण मंत्र्यांना नागपूरहून खुलं पत्र

मा. दिव्यांग कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपुरात येत आहात. आपलं स्वागत. आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी मागच्या मंगळवारी काय झालं तेवढंच सांगते.

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा राहत नाही, आणि तो बोलत नाही. त्याचं नाव इथे देत नाही, कारण देऊ का म्हणून विचारलं तेव्हा त्याने मान हलवून नाही म्हटलं. मंगळवारी एका कार्यालयात त्याच्या तक्रारीची सुनावणी होती. पुढच्या तारखेला विशेष शिक्षक बोलावू, मुलाचं म्हणणं त्याच्या पद्धतीने घेऊ, असा शब्द तिथल्याच साहेबांनी सप्टेंबरात दिला होता. लिफ्ट बंद होती. ४१ किलोच्या पोराला मी आणि त्याच्या बाबांनी दुसऱ्या मजल्यावर उचलून नेलं. विशेष शिक्षक आलेच नव्हते. बाबूंनी विचारलं, "मॅडम, पोरगं बोलतच नाही, तर बयान कोणाचं लिहू?" मी त्याची चार चित्रं पुढे केली. त्यांनी ती पंचिंग मशीनमध्ये धरली, भोकं पाडली, फाइलच्या टॅगमध्ये ओवली आणि खाली लिहिलं, "मुलगा मूक असल्याने म्हणणे नोंदविता आले नाही." एक भोक बरोबर त्याने काढलेल्या स्वतःच्या चेहऱ्यातून गेलं. तो शेजारीच बसला होता, बघत होता. पुढचे चार दिवस त्याने खडूला हात लावला नाही.

ती चित्रं कशाची होती, ते आता वाचा.

राखीच्या आठवड्यात त्याने सलग चार दिवस एकच चित्र काढलं. पिवळी व्हॅन, मागच्या सीटवर तो, आणि मनगटाभोवती लाल पट्टा. मला वाटलं, राखी काढतोय. मी कौतुकाने फोटो काढून नणंदेला पाठवला. चौथ्या दिवशी त्याने लाल खडू इतका दाबला की कागद फाटला. तेव्हा माझं लक्ष गेलं. राखी उजव्या हाताला बांधतात, हा पट्टा डाव्या हाताला होता. तो डाव्या हाताने चित्र काढतो. मी बाही वर केली. वळ होता. शाळेच्या व्हॅनमधला मदतनीस रोज त्याचा तो हात सीटच्या दांड्याला बांधत होता, कारण हात झटके देतो, दुसऱ्या मुलांना लागतो. चार दिवस माझा मुलगा मला सांगत होता आणि मी त्याला शाबासकी देत होते. हे मला आजही झोपू देत नाही.

साहेब, त्याचा तो एक हातच त्याची जीभ आहे. खडू त्याच्या मुठीत राहत नाही, म्हणून आम्ही खडूला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवली. कागद सरकतो, म्हणून तो पाटाला चिकटपट्टीने लावतो. एका चित्राला कधी तास लागतो, कधी दोन दिवस. निळा रंग आला की पोट दुखतंय, हे कळायला मला वर्ष लागलं. मुंबईच्या आयआयटीने बनवलेलं जेलो नावाचं मोफत ॲपही आम्ही वापरतो. चित्रावर बोट ठेवलं की फोन त्याच्या वतीने बोलतो, मराठीतही. पाणी, भूक, झोप यासाठी ते फार उपयोगी आहे. 'माझा हात बांधतात' याचं चित्र मला त्यात सापडलं नाही. ते त्यालाच काढावं लागलं.

आणि कायदा काय म्हणतो? मी वकील नाही, ब्लाउज शिवते. पण २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा रात्री बसून वाचला आहे. कलम २ मध्ये 'संवाद' या शब्दाची व्याख्या आहे. त्यात ब्रेल आहे, खुणांची भाषा आहे, स्पर्शाने होणारा संवाद आहे, दृश्य मांडणी आहे, बोलण्याला पर्याय ठरणारे मार्ग आहेत. कलम १२ सांगतं की दिव्यांग व्यक्तीची साक्ष तिला हव्या त्या भाषेत आणि संवादाच्या साधनाने नोंदवण्याची सोय झाली पाहिजे. फक्त कोर्टात नाही, चौकशीचे अधिकार असलेल्या प्रत्येक ठिकाणी. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याही मागे जा. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११९ होतं. ज्याला बोलता येत नाही त्याने लिहून किंवा खुणांनी साक्ष द्यावी, आणि ती तोंडी साक्ष धरावी. इंग्रजांच्या काळात जे समजत होतं ते माझ्या मुलाच्या टेबलासमोर बसलेल्या माणसाला समजत नाही, आणि न समजण्याबद्दल त्याला कोणी विचारत नाही.

नागपूरच्या माणसाला तर चित्राची भाषा शिकवावी लागू नये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीत काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. सोबत बडगे, म्हणजे टोमणा मारणारे पुतळे निघतात. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, रस्त्यावरच्या खड्ड्यांचा बडग्या. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत सारं शहर आपली तक्रार बांबू-कागदाची करून रस्त्यावर आणतं. पुतळा बोलत नाही म्हणून तक्रार समजली नाही, असं कोणी म्हणत नाही. यंदा मिरवणूक पाहून आल्यावर माझ्या मुलाने व्हॅनचा बडग्या काढला. चाकाखाली आग काढली. याहून स्पष्ट बयान कसं असतं?

मला राग याचा आहे की आमच्या मुलांची कला तुम्हा सगळ्यांना आवडते, जोवर ती काही म्हणत नाही तोवर. ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाला मंडप पडतो, मुलांना छापील तिरंगा देतात, त्यात रंग भरायला सांगतात. काय काढायचं ते आधीच ठरलेलं. मग फोटो निघतात. वरोऱ्याच्या आनंदवनातले दिव्यांग कलाकार त्यांच्या 'स्वरानंदवन' या वाद्यवृंदात गातात तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवतं, आणि वाजवल्याच पाहिजेत. चित्रकार सतीश गुजराल यांना लहानपणीच ऐकू येईनासं झालं. फाळणीत पाहिलेलं त्यांनी रंगवलं, ते देशाने साक्ष म्हणून पाहिलं, १९९९ मध्ये पद्मविभूषण दिलं. एका पोराच्या चार चित्रांना तुमच्या राज्यात पंचिंग मशीन मिळतं.

अपंगचं दिव्यांग झालं. शब्द बदलला, वेगळा विभाग झाला, कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ चे २१ प्रकार झाले. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले गेले. त्यातले किती बोलू शकत नाहीत, किती चित्रांनी, खुणांनी, डोळ्यांनी बोलतात, आणि त्यांचं बोलणं वाचणारी माणसं किती आहेत, हे तुमच्या कोणत्या टेबलावर लिहिलं आहे? दरवर्षी हयातीच्या दाखल्यासाठी त्याचा अंगठा लागतो. आखडलेली बोटं मी उलगडते, तो रडतो, यंत्र तीन-तीनदा नाही म्हणतं. त्या हाताच्या ठशावर सरकारचा विश्वास आहे. त्याच हाताने काढलेल्या चित्रावर नाही.

जन्मल्यावर तो रडला नव्हता. मेंदूला प्राणवायू कमी पडला म्हणाले. तेव्हापासून मी त्याच्या आवाजाची वाट पाहिली. तो तीन वर्षांचा असताना शिक्षिकेची नोकरी सोडली. माझ्या कमरेची गादी सरकली आहे. त्याचे बाबा बुटीबोरीला पाळीवर जातात, प्रत्येक तारखेला त्यांचा खाडा होतो. या तक्रारीसाठी सात खेपा झाल्या, एका खेपेला ऑटोचे ३०० रुपये. हे पैसे मी मागत नाही. मला भीती एकाच गोष्टीची आहे. निळा म्हणजे पोट हे आज मला कळतं. मी गेल्यावर कोणाला कळणार?

म्हणून मागते. ही सुनावणी पुन्हा घ्या, विशेष शिक्षक समोर बसवून. चित्र, खूण, बोट ठेवून सांगायचा चित्रफलक यांतून आलेलं म्हणणं नोंदवायचंच, ते कोणी समजावून सांगितलं ते लिहायचं आणि 'मूक असल्याने' हे कारण कोणत्याही फाइलवर चालणार नाही, असा आदेश काढा. आणि विशेष शाळांत असा कलाशिक्षक द्या, जो मुलाशेजारी बसून त्याला काय म्हणायचंय ते विचारेल.

सोबत त्याने काल काढलेलं चित्र जोडलं आहे. फाइल, पंचिंग मशीन आणि बाबूंचा हात त्यात आहे. डाव्या बाजूला तीन बोटं जागा कोरी आहे. ती त्याने स्वतः सोडली आहे. भोक तिथे पाडा.

आपली,
एक आई
नागपूर