अनुराधा, ज्येष्ठा आणि मूळ सर्वे नंबर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ताऱ्यांच्या जन्मावरचा लेख वाचला. असा विषय घेतलात याचंच कौतुक. एरवी पेपरात आकाश येतं ते राशिभविष्यापुरतं. पण दोन गोष्टी खटकल्या, म्हणून हे पत्र. मी खगोलशास्त्राचा माणूस नव्हे. बत्तीस वर्षं भूकरमापक होतो, निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या शिवारांत साखळ्या ओढल्या. निवृत्त झाल्यावर गंगापूर रोडच्या गच्चीत दुर्बीण मांडली. तेव्हा लिहितोय ते मोजणीवाल्याच्या नजरेनं, हे आधीच सांगतो.

पहिली गोष्ट छोटी. कृत्तिकांच्या फोटोखाली छापलंय की जन्माच्या वेळचं निळं धुकं अजून त्यांच्याभोवती आहे. तसं नाही. कृत्तिकांचं वय दहा-बारा कोटी वर्षं. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी इतकी टिकत नसते! दिसतो तो वाटेत आडवा आलेला परका धुळीचा ढग. ताऱ्यांचा उजेड पडून तो निळा दिसतो, एवढंच.

दुसरी गोष्ट मोठी. लेखात म्हटलंय की तारे एका ढगात, एका दाट पुंजक्यात जन्मतात आणि मग भुईनळ्याच्या ठिणग्यांसारखे पांगतात. लेखकाला दोष देत नाही, पुष्कळ वर्षं पुस्तकांतही असंच होतं. काही पुंजक्यांचं तसं होतंही. पण सगळ्यांना तो नियम लावता येत नाही, आणि त्याचा पुरावा आपल्याच नक्षत्रांत आहे.

मे-जूनमध्ये रात्री बाराच्या सुमारास पांडवलेणीच्या डोंगराच्या अंगाला, दक्षिणेकडे वृश्चिक असतो. लालसर ज्येष्ठा, तिच्या उजवीकडे अनुराधाचे तारे. नक्षत्रातले तारे एकाच दिशेला दिसले म्हणून नातलग ठरत नाहीत, हे खरं. रोहिणीचंच बघा. ती ६५ प्रकाशवर्षांवर आणि तिच्या मागचा शकटाचा, म्हणजे गाड्यासारखा दिसणारा ताऱ्यांचा पुंजका सुमारे दीडशेवर. म्हणजे शकटाच्या घरात रोहिणी नुसती भाडेकरू. अनुराधा मात्र खरी भाऊबंदकी आहे आणि ज्येष्ठाही त्याच कुळातली मानतात. हे कूळ वृश्चिकापासून नरतुरंगावरून थेट त्रिशंकूपर्यंत पसरलंय, साधारण चारशे प्रकाशवर्षांवर. वृश्चिकातल्या शाखेचं वय सुमारे एक कोटी वर्षं. ज्येष्ठा नावानं थोरली, पण वयानं बाकीच्यांच्या बरोबरीचीच. वजनदार असल्यानं इंधन भसाभस जाळलं आणि लवकर म्हातारी झाली.

अशी विखुरलेली कुळं फार काळ एकत्र टिकू शकत नाहीत, आकाशगंगेच्या ओढाताणीत ती मोडतात. तरीही ती दिसताहेत, म्हणजे तरुण असली पाहिजेत, म्हणजे तारे आजही जन्मत असले पाहिजेत. हे १९४७ साली अंबार्त्सुमियान या आर्मेनियन शास्त्रज्ञानं मांडलं. मला विचाराल तर ही शुद्ध मोजणीवाल्याची अक्कल. पुढे १९६४ मध्ये ब्लाऊ या डच शास्त्रज्ञानं अशा कुळांत वेगवेगळ्या वयांच्या शाखा असतात हे दाखवलं. वृश्चिकाच्या या कुळात तेव्हा तीनच शाखा धरत.

आता माझ्या धंद्याचं. निफाड तालुक्यातल्या एका गावात एका आडनावाची तीन घरं बांधावरून भांडत होती. तिघंही सांगत, मूळ जमीन एकच, खापरपणजोबाची. मी फेरफार उलटे वाचत गेलो, जुनी टिपणं काढली, नाल्याकाठचे हद्दीचे दगड शोधले. तीन दिवस उन्हात साखळी ओढली. निघालं काय? मूळ नंबर एक नव्हताच. नाल्याच्या कडेनं पहिल्यापासून तीन वेगळे सर्वे नंबर होते. कूळ एक, पण घरं सुरुवातीपासून निराळी. म्हातारे माझ्यावर फार चिडले.

ताऱ्यांचे फेरफार उलटे वाचायचे तर आजची जागा आणि चाल नेमकी हवी. हिशेब सोपा आहे: सेकंदाला एक किलोमीटर चाल असेल तर दहा लाख वर्षांत तीन प्रकाशवर्षांहून थोडं जास्त अंतर पडतं. २०१३ च्या डिसेंबरात गेलेल्या युरोपच्या ‘गाया’ यानानं सुमारे १८० कोटी ताऱ्यांची नोंद घेतली. तिच्या आधारे चाली मागे नेल्या, तर वृश्चिकाच्या कुळाच्या रेषा एका बिंदूत मिळत नाहीत. तारे पहिल्यापासूनच वाड्यावस्त्यांसारखे वेगवेगळ्या ठिकाणी जन्मले. तीन शाखांच्या जागी आता तीसहून जास्त छोटे गट वेगळे काढलेत. जुनी वस्ती साधारण मधे, नवी बाहेरच्या बाजूला, काही ठिकाणी वय ओळीनं कमी होत जाणारे गट. थोरल्यांच्या वाऱ्यानं आणि स्फोटांनी पुढचा वायू दाबला जातो, त्यातून धाकटे होतात, असं त्याचं कारण समजतात. ज्येष्ठेच्या शेजारच्या काळ्या ढगांत अजून बारशी चालू आहेत.

या स्फोटांचा आपल्याशीही संबंध आहे. सूर्य सध्या ज्या विरळ, सुमारे हजार प्रकाशवर्षं रुंदीच्या पोकळीत आहे, ती याच कुळातल्या महाताऱ्यांच्या स्फोटांनी झाली, सुरुवात सुमारे एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडलंय. थोडक्यात, दुसऱ्याच्या वहिवाटीत आपण उभे आहोत.

लेखाबद्दल तक्रार एवढीच. भुईनळ्याचं राहू द्या, पण कृत्तिकांच्या फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करून छापा. नातवानं ते कात्रण शाळेच्या प्रकल्पवहीत चिकटवलंय. मी कितीही सांगितलं तरी त्याचं एकच, “आजोबा, पेपरात आलंय.”

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
गंगापूर रोड, नाशिक