चूक त्याची म्हणण्याआधी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या साइटवर स्लॅबच्या भोकातून खाली पडलेल्या कामगाराबद्दल काल फोनवर तू म्हणालीस, “बाबा, त्याचीच चूक होती. भोकावरचा प्लाय त्यानेच उचलला.” तेव्हा मी काही बोललो नाही. त्याच्या पायाचं ऑपरेशन नीट झालं हे सांगताना तुझा आवाज कापत होता. पण ते वाक्य रात्री डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितो आहे.

प्लाय उचलणारा माणूस काय करतो ते डोळ्यांपुढे आण. वाकतो, दोन्ही हातांनी प्लाय छातीसमोर उभा धरतो आणि पाऊल पुढे टाकतो. पायाखालचं त्याला दिसत नाही, समोर फक्त प्लाय. आणि भोक नेमकं तिथेच, पुढच्या पावलाखाली. त्याला तो पडलेला माल वाटला असणार. सुटा होता म्हणून तर उचलता आला. खिळे ठोकलेले असते, वर ठळक रंगात ‘खाली भोक’ लिहिलेलं असतं, तर त्याने हात लावला नसता. झाकण भोकापेक्षा चहूबाजूंनी मोठं हवं, माणसाचं आणि त्याच्या हातातल्या मालाचं वजन पेलणारं हवं, जागचं हलता कामा नये. डक्टसारख्या (पाइप-वायरी वरखाली नेण्यासाठी ठेवलेल्या) मोठ्या भोकाला तर कठडाच हवा: कमरेच्या वर एक पाइप, मध्ये एक, आणि खाली फळी, म्हणजे हातोडी घरंगळून खालच्याच्या डोक्यात जात नाही.

तू राउंडला ड्रॉइंग उघडं धरून चालतेस का? चालू नकोस. थांबून बघ, गुंडाळ, मग पुढे हो. हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आता सगळ्यांना सेफ्टी बेल्ट सक्तीचा केलास, चांगलं केलंस. पण उंचीचा हिशेब कर. दोरी जवळपास २ मीटर, झटका झेलणारी पट्टी उघडते ती साधारण मीटरभर, त्याखाली लोंबणारं अंग, शिवाय पायांखाली थोडी मोकळी जागा. हे ५-६ मीटर होतात. ३ मीटरच्या मजल्यावर पायाशी हुक अडकवलेला माणूस बेल्ट घालूनही आपटतो. हुक डोक्याच्या वर लागला पाहिजे, तोही भक्कम ठिकाणी. परांचीचा हाताला येईल तो पाइप चालत नाही. आणि कोणी लटकलाच तर त्याला लगेच उतरवणार कोण, कशाने, हे आधी ठरव. लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साचतं, थोड्या वेळात शुद्धही हरपू शकते. झटका खाल्लेला बेल्ट पुन्हा कोणाला देऊ नकोस.

फार झालं. हे सगळं तू शिकली आहेस, मीच परीक्षा घेतल्यासारखा लिहीत सुटलो. रागावू नकोस.

तुझ्या टेबलासमोर अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाचं चित्र होतं, आठवतं? दादाकाकांनी त्या जाळीची गोष्ट सांगितली होती. पुलाच्या कामाखाली जाळी बांधली, तिने १९ जणांना वाचवलं. मग १७ फेब्रुवारी १९३७ला परांची कोसळून जाळीवर पडली, जाळी फाटली आणि १० जण गेले. आम्ही सगळे हळहळत होतो आणि तू विचारलंस, “जाळी किती वजनाची केली होती?” काकांना उत्तर देता आलं नाही. मला मात्र इतका अभिमान वाटला की त्या आठवड्यात भेटेल त्याला ते सांगत होतो.

मीनल, तोच प्रश्न या प्लायला विचार. तो कोणी टाकला, खिळे का नव्हते, तिथे उजेड होता का, त्याला प्लाय आणायला कोणी पाठवलं. रिपोर्टात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहून आणलं असेल तर सही करू नकोस. आधी त्याच्याशी बोल, घाई न करता. मग वरच्या प्रत्येक मजल्यावरची भोकं मुकादमाला बरोबर घेऊन तपास. बरोबर घेऊन, एकटी नको. अंधार पडल्यावर तर मुळीच नको. ती झाकून होईपर्यंत त्या मजल्यांवर काम बंद ठेव. वरून ओरडा बसेल, बसू दे.

आईला मी एवढंच सांगितलं आहे की एकाचा पाय मोडला. किती उंचावरून ते सांगितलं नाही. रविवारी फोन केलास की तिला तूच सांग, माझ्याकडून ते नीट सांगून होणार नाही.

तुझा,
बाबा